उतरणाऱ्याची खूण

टोलार खिंडीत पोचलं की माणसं व्याघ्रशिल्पापाशी टेकतात, पाणी पितात आणि उठून बरोबर वाटेला लागतात. खिरेश्वरहून येणाऱ्याला डावीकडे वर हरिश्चंद्रगड, सरळ पलीकडे उतरलं तर अकोले तालुक्यातलं कोथळे. सकाळी इथं सहसा कुणी चुकत नाही. अंगात रग असते, पुढे दहा-वीस जणांची रांग असते. चुकतो तो संध्याकाळी गडावरून परतणारा. पायांत गोळे, टॉर्च पिशवीच्या तळाशी, आणि येताना एकदाही मागं वळून पाहिलेलं नाही. सकाळचीच वाट, पण त्याला ती आता पहिल्यांदाच भेटत असते.

एवढी साधी गोष्ट मला कळायला चार पावसाळे गेले.

पहिल्या वर्षी गडाच्या वाटेवर खुणा रंगवायला आम्ही सहाजण खुबी फाट्यावर एसटीतून उतरलो तेव्हा हातात रंगाचे दोन डबे होते आणि डोक्यात फक्त बाण होते. पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर, तिथून खिंड, खिंडीनंतरचा रेलिंग लावलेला कातळटप्पा आणि मग वरचं पठार. एकामागून एक टेपाडं चढायची-उतरायची, मध्ये कारवीची जाळी. गडावरच्या देवळापर्यंत आम्ही ठळक, जाडजूड, अभिमानानं भरलेले बाण काढले. आमच्याबरोबर गावातले एक मामा होते. कोयता त्यांचा, वाट त्यांची, आम्ही नुसते रंगारी. दिवसभर ते काही बोलले नाहीत. परतताना एका बाणापाशी थांबून म्हणाले, "ताई, ह्यो बाण चढनाऱ्याला. त्याला म्होरं मानसं दिसत्यात. उतरनाऱ्याला काय लिवलंय?"

मी हसण्यावारी नेलं. पुढच्या श्रावणात गडाखालच्या झोपडीत ताक पिताना एका मुलानं त्याची फजिती सांगितली. ढग खाली बसलेला, दहा पावलांवरचं दिसेना, आणि हा एकटा उतरत होता. अचानक बाण दिसला. जीव भांड्यात पडला. बाणामागोमाग तो अर्धा तास चालला आणि पुन्हा वर देवळाकडे पोचला. सगळे खो खो हसले. मीही हसले, पण तो बाण कुणी काढला होता ते सांगितलं नाही.

बाणात हाच घोटाळा आहे. तो एकाला वाट दाखवतो आणि दुसऱ्याला हुकूम सोडतो. अमेरिकेत अ‍ॅपलाचियन ट्रेल म्हणून जवळजवळ ३५०० किलोमीटरची डोंगरवाट आहे. ती बऱ्याच अंशी स्वयंसेवकच सांभाळतात आणि तिच्यावर बाण काढत नाहीत. झाडाच्या खोडावर २ इंच रुंद, ६ इंच उंच असा पांढरा उभा पट्टा असतो, बस्स. पट्ट्याला तोंड नसतं, तो दोन्हीकडून तेवढाच खरा. वळण आलं की एकावर एक असे दोन पट्टे काढतात. आम्ही पट्टा उचलला, दुहेरी पट्टा सोडला. ती सांकेतिक भाषा आपल्याकडे ठाऊक कुणाला? वळणावर आम्ही वळणाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे पट्टे काढतो, आणि प्रत्येक पट्टा दगडाच्या दोन्ही अंगांना. म्हणजे काम दुप्पट.

रंगाचंही तसंच. आम्ही आधी लाल आणला, कारण धोक्याचा रंग लाल, लांबून दिसतो वगैरे. भर दुपारी दिसतोही. पण तिन्हीसांजेला सगळ्यात आधी मरतो तो लालच. काळ्या कातळावर तर डागाएवढाही उरत नाही. अंधारून आलं की लाल काळवंडतो आणि निळसर रंग उजळ वाटतात, हे पुर्किन्ये नावाच्या झेक शास्त्रज्ञानं दोनशे वर्षांपूर्वी टिपून ठेवलंय. आम्हाला ते डबा संपल्यावर समजलं. मग पांढरा आणला, तर पांढऱ्याला सह्याद्रीत एक प्रतिस्पर्धी निघाला, दगडफूल. कातळावर त्याचे पांढुरके चट्टे इतके असतात की आमच्या खुणा त्यांत हरवून गेल्या. शेवटी पिवळ्यावर आलो. पिवळाही काही ढगातून तळपत नाही. पण निसर्गात तो तसल्या आयताकृती चौकटीत आढळत नाही, आणि डोळ्याला तेवढं पुरतं.

दगड निवडणं हे रंगापेक्षा अवघड. आमच्या एका चुकीची मला अजून लाज वाटते. ओढ्याच्या काठी छान गुळगुळीत धोंडा होता, कुणाच्याही नजरेत भरेल असा. त्यावर आम्ही खूण केली. पावसाळ्यानंतर आलो तर धोंडा तीन-चार हात खाली घरंगळलेला आणि खूण कारवीत शिरणाऱ्या एका ढोरवाटेच्या तोंडाशी ऐटीत उभी. तेव्हापासून नियम असा, की जमिनीतून वर आलेला मूळ कातळ, नाहीतर दोघांनी मिळून ढकलला तरी हलत नाही असा दगड. तारेच्या ब्रशानं शेवाळ आणि दगडफूल खरवडायचं, फडक्यानं पुसायचं, दगड कोरडा ठणठणीत आहे ना हे तळहात लावून बघायचं. कमरेच्या वरच रंगवायचं, कारण भाद्रपदात गवत कमरेला लागतं. आणि घडवलेल्या दगडाला ब्रश लावायचा नाही. पायऱ्या, टाक्यांचे काठ, व्याघ्रशिल्प, देऊळ, सगळं सोडून. वाट चुकेल त्याची चुकू दे, पण तिथं नाही.

खुणा कुठं हव्यात हे ठरवताना वाटेकडे पाहू नये, वाटेच्या शेजाऱ्यांकडे पाहावं. म्हशी रोज जातात ती ढोरवाट आमच्या वाटेपेक्षा रुंद आणि मळलेली असते. मोळीवाल्यांची वाट कारवीत दहा मिनिटं आत नेते आणि तिथं तोडलेल्या कारवीच्या खुंटांपाशी संपते. चुकणारा माणूस अवघड वाटेवर चुकत नाही, सोप्या वाटेवर आत्मविश्वासानं चुकतो. म्हणून आमच्या खुणा समान अंतरावर नाहीत. कुठे पंधरा मिनिटं एकही नाही, आणि एका फाट्यावर तीन आहेत. नवीन मुलांना हे खटकतं. डबा हातात आला की हात शिवशिवतो, ते मला ठाऊक आहे.

खरं तर रंगाचं काम वर्षाकाठी दीड दिवसाचं. बाकीचे दिवस पाण्याचे. वाट म्हणजे डोंगराच्या अंगावर माणसांनी पाडलेला चरच. पावसाला तो आयताच सापडतो. दोन पावसाळ्यांत वरची माती जाते, मुरूम उघडा पडतो, घसारा होतो. मग माणसं घसाऱ्याच्या कडेनं, गवतावरून चालतात आणि तिथं दुसरा चर पडतो. हाताएवढी वाट बैलगाडीएवढी होते. आम्ही शहाण्यासारखे वाटेत आडवे दगड रचले. पहिल्याच पावसात त्यांच्यामागे गाळ भरला, पाणी वरून सांडलं आणि खाली खड्डा पडला. मामांनी सगळं उपसायला लावलं. त्यांना हे कुणी शिकवायला नको होतं. उभं आयुष्य शेतात दारं धरण्यात गेलेलं. दगड वाटेला तिरके लावायचे, खालचं टोक उताराच्या बाजूला मोकळं सोडायचं आणि प्रत्येक दगड निम्म्याहून जास्त जमिनीत पुरायचा. पाणी थोपवायचं नसतं, त्याला वाटेवरून उतरवून द्यायचं. दिवाळीनंतर त्या तोंडांशी साचलेला गाळ खोऱ्यानं ओढला की वर्ष निघतं. तीव्र चढावर नागमोडी वळणं कापून सरळ उतरणाऱ्यांचे 'शॉर्टकट' मात्र पाण्याला फार आवडतात. त्यांच्या तोंडावर आम्ही करवंदीच्या काट्या टाकतो. पाटी लावून जे होत नाही ते काट्यांनी होतं.

आणि पुसणं. हे काम कुणी फोटोत दाखवत नाही. बदाम आणि त्यातली दोन नावं, ट्रेकला आणणाऱ्या मंडळींची आद्याक्षरं, ज्याच्या-त्याच्या रंगाचे बाण. एका कातळावर एकदा तीन बाण तीन दिशांना होते, आणि त्यांतला एक आमचाच जुना. तारेचा ब्रश घेऊन तासभर घासलं की बोटभर जागा साफ होते. घासताना मनात येतंच, की त्यांचा रंग आणि आपला रंग यात फरक काय? वनखात्याची परवानगी आमच्या खिशात आहे, एवढंच म्हणायचं का? उत्तर मला नीटसं सापडलेलं नाही. म्हणून दरवर्षी दोन खुणा तरी कमी करता येतात का, ते बघते. हौसेनं रचलेल्या लगोऱ्या तर दिसतील तिथं मोडते. त्या फोटोपुरत्या उभ्या राहतात आणि धुक्यात माणसाला कुठंही नेतात.

आता फोनवर वाटेची रेघ असते, खुणा कशाला, असं विचारतात. असू दे की. पण ती रेघ कुणाच्या तरी पावलांची असते. तो जिथं चुकला, गोल फिरला, परत आला, तेही सगळं रेघेत इमानेइतबारे उतरलेलं असतं. मागून येणारा तेसुद्धा चालतो.

मामा आता वर येत नाहीत, गुडघे गेले. यंदा त्यांची नात आली, अकरावीतली, पठारावर पहिल्यांदाच. काम आटोपल्यावर आम्ही नेहमीची परीक्षा घेतली. ज्यानं वाट पाहिलेली नाही त्यानं संध्याकाळी पुढं उतरायचं, बाकीच्यांनी मागून चालायचं आणि तोंड उघडायचं नाही. सकाळी ती गप्पांच्या नादात चढली होती. उतरताना मात्र मान सारखी डावी-उजवीकडे. तीन टेपाडं नीट पार झाली. चौथ्याच्या उतारावर ती थांबली, जराशी रेंगाळली आणि झपझप उजवीकडच्या ढोरवाटेला लागली. आमच्यातला एकजण खाकरला, मी त्याचा हात दाबला. कारवीत तिची ओढणी दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं आतूनच आवाज आला, "ओ ताई, इकडं नुसतं शेण हाय!"

ती परत येईपर्यंत मी तिच्या जागी उभी राहून पाहिलं. आमचा पट्टा होता, नवाकोरा, दुपारीच काढलेला. पण वरून उतरताना तो बरोबर एका करवंदीच्या मागं जात होता. दुपारी मी तो खालून वर बघत काढला होता.

डबा उघडला तर रंगावर साय धरली होती. काडीनं ती बाजूला केली, दगडाला तळहात लावला. दव पडायला लागलं होतं, दगड ओला. डबा बंद केला. नातीनं न सांगताच दोन काट्या तोडून आणल्या आणि ढोरवाटेच्या तोंडावर आडव्या टाकल्या. मग म्हणाली, "पर म्हशी कशा जातील सकाळी?" तिनं त्यातली एक उचलून परत बाजूला ठेवली.