कंसातला आकडा

सार्वजनिक धोरणावरचं कुठलंही संशोधन सादर होत असताना पडद्यावर तक्ता येतो. सगळ्यांची नजर आधी वरच्या आकड्याकडे आणि परिणाम निव्वळ योगायोग नसावा असं सुचवणाऱ्या, त्याला चिकटलेल्या तारकांकडे जाते. कंसातला आकडा त्याच्या खाली असतो. पाठ्यपुस्तकात त्याला प्रमाण त्रुटी म्हणतात, वर्गात सगळे स्टँडर्ड एरर म्हणतात. वेळ संपत आली की पीएचडीचे विद्यार्थी त्याला वगळून पुढे जातात. मला मात्र अख्ख्या तक्त्यात भरवशाचा तोच वाटतो.

वरच्या आकड्यावर किती विसंबायचं, हे सांगणं एवढंच त्याचं काम. समजा, एखाद्या योजनेमुळे शाळेतली हजेरी शंभरात 4 मुलांनी वाढली असं वर लिहिलंय आणि कंसात 3 आहे. कंसातल्या आकड्याची साधारण दुप्पट वरच्यातून वजा करायची, मग वरच्यात मिळवायची. उत्तर येतं उणे 2 ते 10. म्हणजे हजेरी भरपूर वाढली असेल किंवा थोडी घटलीही असेल. कंसात 1 असता तर पल्ला 2 ते 6 झाला असता, आणि योजना चालू ठेवायची की नाही यावर काही बोलता आलं असतं.

स्वभावानं तो कडक आहे. त्याला निम्म्यावर आणायचं तर दुप्पट घरं पाहून भागत नाही, चौपट पाहावी लागतात. नुसत्या संख्येलाही तो भुलत नाही. एका गावातल्या पन्नास घरांवर पाऊस एकच पडतो, शाळा एकच, ग्रामपंचायत एकच. ते पन्नास वेगवेगळे साक्षीदार नव्हेत. योजना गावागावाला दिली असेल तर हिशेबही गाव धरून व्हायला हवा. म्हणून तर मागच्या रांगेतले प्राध्यापक विचारतात, "क्लस्टर कशावर केलंय?" हिशेब नव्याने मांडला की कंसातला आकडा फुगतो, तारका गळतात. कित्येक महिन्यांची मेहनत अशी हातची जाताना पाहणं अवघड असतं. तरीही सादरीकरण घ्यायचं ते या प्रश्नासाठीच.

हा प्रश्न न विचारल्यास काय होतं ते मारियान बर्ट्रांड, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लाइनाथन यांनी 2004 साली दाखवलं. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या वेतनाची आकडेवारी घेऊन त्यांनी काही राज्यांवर काल्पनिक कायदे लादले. नेहमीच्या पद्धतीनं तपासल्यावर या न झालेल्या कायद्यांचा 'परिणाम' 45 टक्क्यांपर्यंत वेळा दिसला. निव्वळ योगायोगानं दिसायला हवा होता 5 टक्के वेळा. एका राज्यातलं यंदाचं वेतन गेल्या वर्षीच्या वेतनाशी बांधलेलं असतं. ते विसरल्यामुळे कंसातला आकडा खोटाच लहान निघत होता.

त्याला मर्यादाही आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1946 साली दाखवून दिलं, की उत्पन्नाचा अंदाज बांधताना पीककापणीसाठी शेताचा फार छोटा तुकडा घेतला तर उत्पन्न फुगून येतं, कारण कडेवरची रोपंही मोजणीत येतात. असे तुकडे हजारांनी घेतले तर कंसातला आकडा बारीक होईल, पण फुगलेलं उत्पन्न फुगलेलंच राहील. नमुना निवडताना योगायोगानं किती फरक पडला असेल, तेवढंच त्याला कळतं. मोजणारा चुकला का, उत्तर देणाऱ्यानं काही लपवलं का, हे शोधायला माणसालाच शेतात आणि घरात जावं लागतं.

सभागृहातून निष्कर्ष बाहेर पडला की बातमीत आणि सरकारी टिपणात पहिली काट याच आकड्यावर बसते. वरचा आकडा छापाल त्या ओळीत हाही छापलाच पाहिजे. तो गाळला तर निर्णय घेणाऱ्याला नसलेली खात्री मिळते, आणि त्या खात्रीची किंमत ज्यांच्या नावानं योजना निघते त्यांनाच मोजावी लागते.