तोफेचा कान

कॉलेजात असताना वॉटर्लूच्या लढाईवर एक पुस्तक वाचत होतो. त्यात इंग्रजी 'स्पाइक' हा शब्द क्रियापद म्हणून आला आणि पुढची पानं वाचायची राहूनच गेली. १८ जून १८१५च्या दुपारी फ्रेंच मार्शल नेचं घोडदळ टेकाड चढून आलं आणि इंग्रजांच्या तोफांमध्ये घुसलं. गोलंदाज तोफा तिथेच सोडून पायदळाच्या चौकोनांत शिरले होते. तोफा फ्रेंचांच्या हातात होत्या, पण तोफांच्या कानात खिळे कुणी ठोकले नाहीत. स्वार मागे हटले की गोलंदाज धावत परत यायचे, तोफा ठासायचे आणि त्यांच्यावर आग ओकायचे. हल्ल्यामागून हल्ल्यात हेच घडत गेलं.

तोफ 'स्पाइक' करायची म्हणजे तिच्या कानात बिनमाथ्याचा पोलादी खिळा ठोकायचा. कान म्हणजे मागच्या बाजूचं ते बारीक भोक. रंजकाची दारू तिथे भरत, बत्तीही तिथेच देत. खिळ्याला माथा नसला की पकडीला धरायला काही उरत नाही. वेळ असेल तर तोंडातून दट्ट्या घालून आतलं टोकही वाकवायचं. मग कान नव्याने पाडून घेईपर्यंत ती तोफ निकामी. १८५७मध्ये लखनौच्या रेसिडेन्सीत वेढले गेलेले इंग्रज अचानक बाहेर पडून समोरच्या तोफांचे कान असेच बंद करत. गोळ्यांच्या माऱ्यात हातोडा घेऊन धावणाऱ्याचं धाडस मला तलवारबाजापेक्षा मोठं वाटतं.

आपल्याकडेही एखाद्याचा बेत उधळला की 'मेख मारली' म्हणतात.

पुढे वर्तमानपत्रात नोकरी लागली. तिथे हे क्रियापद वेगळ्याच अर्थाने रोज कानावर पडे. नाकारलेली बातमी टेबलावरच्या उभ्या लोखंडी सुईत खोचत आणि ती 'स्पाइक' झाली म्हणत. तिथे मात्र मला त्याचा राग यायचा. तोफ बंद पडली तर माणसं वाचतात. बातमी बंद पडली की कुणाचं तरी गाऱ्हाणं दबतं.

आता किल्ल्यावर गेलो की मी तोफेच्या तोंडाकडे नाही, मागे जातो. जंजिऱ्याच्या कलालबांगडी तोफेसमोर तिचा पल्ला ऐकत गर्दी उभी असते, मुलं तोफांवर चढून फोटो काढतात. कानाकडे कुणी बघत नाही. तुम्ही गेलात तर मुलांना तो अवश्य दाखवा, आणि त्यात काड्या-कागद खुपसू देऊ नका.