विजेशी तह

मुंबईच्या ट्रामगाड्यांना जुंपलेल्या घोड्यांना रजा देऊन त्या विजेवर चालवावयाच्या, ही योजना १९०७ साली अमलात आली. पण ती ठरू लागताच कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय उपकरणांवर गंडांतर आले होते, कारण रुळांवाटे भूमीत झिरपणारा प्रवाह पृथ्वीच्या चुंबकत्वातील सूक्ष्म स्पंदनांच्या नोंदी नासवून टाकणार हे उघड होते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी तेव्हा हे दप्तर अलिबागेस हलवले, १९०४ पासून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेऊन त्यांची रुजुवात पाहिली. आणि कोकणच्या काळ्या दगडात चुंबकीय अंश असतो म्हणून इमारतीला दगड पोरबंदरचा आणवला. विजेला भिऊन समुद्रकाठी आलेल्या या संस्थेविषयी मला मोठे कौतुक आहे. परंतु चौल-रेवदंड्याच्या बाजूस, नारळी-पोफळींच्या एका वाडीतल्या ध्वनिमुद्रणाच्या छोट्या स्टुडिओत बसण्याचा योग आला, तेव्हा विजेपासून पळून न जाता तिच्याशी तहही करता येतो हे पाहावयास मिळाले.

आगरी-कोळ्यांच्या लग्नातले विधी जिच्या गाण्यावाचून पुरे होत नाहीत, अशा एका वृद्ध धवलारणीचे धवले त्या दिवशी मुद्रित व्हावयाचे होते. मांडवातल्या गलबल्यावर आवाज चढवण्याची जन्माची सवय असलेली ती बाई त्या निःशब्द खोलीत काहीशी अवघडून उभी होती. तिच्या हिरव्या चुड्याची किणकिण मायक्रोफोन टिपणार हे स्पष्ट होते, पण सवाष्णीला बांगड्या काढावयास कोण सांगणार? स्टुडिओतल्या मुलाने काही न बोलता आपला धुतलेला रुमाल तिच्या मनगटाभोवती गुंडाळला, मिक्सरवरची पट्टी पार खाली ओढली आणि म्हणाला, “आजी, जरा थांबा हां, फँटम टाकतो.” एक तांबडा दिवा लागला. एरवी काहीच घडले नाही, आणि काहीच घडल्याचे न कळणे हेच त्या युक्तीचे सारे मर्म आहे.

कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनात एक तकलादू पडदा, बहुधा सोन्याचा मुलामा दिलेला, एका स्थिर पत्र्यासमोर ताणलेला असतो. स्वराच्या लहरीने तो हलला की त्या दोहोंमधली विद्युत्धारकता बदलते आणि त्या बदलातून उपजणारा संकेत इतका क्षीण असतो की त्याला जागेवरच हात देणारे मंडल बसवावे लागते. त्या मंडलाला वीज हवी, आणि तीच ही ‘फँटम’. ती अठ्ठेचाळीस व्होल्टची एकदिश वीज, ज्या केबलने आवाज बाहेर येतो त्याच केबलने, उलट दिशेने आत जाते: ६.८ किलोओहमच्या दोन तंतोतंत जुळणाऱ्या रोधांमधून दोन्ही तारांवर सारखीच चढते आणि भोवतीच्या जाळीवरून परतते. रेवदंड्याच्या खाडीत शेजारी शेजारी नांगरलेल्या दोन होड्यांना भरती सारखीच उचलते, म्हणून एकीवरून दुसरीकडे पाहणाऱ्याला पाणी चढल्याचे उमगत नाही; मिक्सरही दोन तारांमधला फरक तेवढा वाचतो, आणि फरक आवाजाचाच असतो. साध्या डायनॅमिक मायक्रोफोनाच्या वेटोळ्यालाही दोन्ही टोकांना समान दाब मिळत असल्याने त्याला इजा होत नाही. जुन्या रिबन मायक्रोफोनाची गोष्ट निराळी. केबलीत एखादी तार चुकली तर त्याची नाजूक फीत कामातून जाते.

ट्रान्झिस्टरपूर्व काळात व्हॉल्व्हच्या मायक्रोफोनामागे विजेची स्वतंत्र पेटी आणि जाडजूड केबल असा लवाजमा असे. बर्लिनच्या न्यूमन कंपनीने १९६६ साली नॉर्वेच्या नभोवाणीसाठी फँटम पद्धतीचा मायक्रोफोन सिद्ध केला. आकडा अठ्ठेचाळीसच का, याचे उत्तर मोठे मौजेचे आहे: हिवाळ्यातल्या तिथल्या दीर्घ काळोखामुळे स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी तेवढ्याच दाबाचा पुरवठा आधीच तैनात होता, तोच वापरला गेला आणि पुढे जगाचे प्रमाण होऊन बसला. काळोख आमच्या वाट्यालाही कमी आलेला नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने याच किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या तेव्हा कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पण त्या अंधाराने जगाला एखादा आकडा बहाल केल्याचे ऐकिवात नाही.

इथे मायक्रोफोनाचा खरा वैरी खारी हवा. आतल्या मंडलातले रोध शंभर कोटी ओहमच्या घरातले. दमट हवेची पुसट झिलई इन्सुलेशनवर बसली की पडद्यावरचा भार तिच्यावाटे गळू लागतो आणि गाण्यात फुटाण्यांसारखी तडतड शिरते. म्हणून काम संपताच तो मुलगा फँटम बंद करून थोडा वेळ जाऊ देतो, मग केबल काढतो आणि मायक्रोफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. खोलीतला एसीही मुख्यतः या यंत्रांच्या प्रकृतीसाठी दिवसभर चालतो. फँटमचा खर्च एका मायक्रोफोनामागे फार तर अर्धा वॉट. विजेचे बिल येते ते त्या एसीचे, आणि त्याची घरघर मुद्रणात उतरते म्हणून ऐन गाण्याच्या वेळी तोच बंद ठेवावा लागतो. धवलारणीने तिसरा धवला संपवला तेव्हा ती घामाने निथळत होती, आणि पदराने वारा घेण्याचीही तिला मनाई होती, कारण पदर सळसळतो.