डबा नाही आला त काय झालं

मँचेस्टरच्या भर बाजारात रॉयल एक्स्चेंज नावाची एक भलीथोरली इमारत आहे. एके काळी इथं अख्ख्या लँकेशायरच्या कापसाचे आणि कापडाचे सौदे व्हायचे. १९६८ साली ते बंद झाले आणि आता तिथं नाटकं होतात. पण शेवटच्या दिवशीचे भाव दाखवणारा फलक वर अजून तसाच ठेवलाय. घरी पाहुणे आले की मी त्यांना तो दाखवायला नेतो आणि कुणी विचारलेलं नसताना खामगावचं पुराण लावतो.

कारण या शहराची आणि खामगावची ओळख जुनी आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि इथल्या गिरण्या ओस पडल्या. गिरणीवाल्यांचं लक्ष वऱ्हाडाकडे गेलं आणि खामगावची कापूसपेठ भरभराटीला आली. जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा छोटासा फाटा टाकला गेला तो या कापसापायीच. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. व्हाइसरॉयचं नाव इतिहासात राहिलं, भाव फलकावर राहिले. ज्या बायांनी तो कापूस वेचला त्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही. पिढ्यान् पिढ्या तेच काम करत आलेल्या बायांपैकी एक, माझ्या मित्राची माय, गेल्या कार्तिकात गेली.

माझं गाव घाटावरचं, बोथ्याच्या जंगलापलीकडचं. आठवीला वडिलांनी मला खामगावच्या शाळेत घातलं. चौघांत एक खोली, आणि जेवण गावाहून एस.टी.नं यायचं. बुलडाणा जिल्ह्यात माझ्या पिढीतल्या कितीतरी पोरांचं शिक्षण या एस.टी.च्या डब्यावर झालंय. आई अंधारात उठून भाकरी थापायची, डबा फडक्यात बांधून कंडक्टरच्या हवाली करायची. आम्ही स्टँडवर उभे राहायचो आणि फडक्याच्या रंगावरून आपला डबा ओळखायचो. गाडी घाटात बंद पडली की त्या दिवशी पोटाला सुट्टी.

अशाच एका दिवशी मित्रानं मला घरी नेलं. जिनिंगच्या मागच्या वस्तीत दोन खोल्या. वडील जिनिंगमध्ये हमाल, माय रोजानं शेतात. मी दारातच उभा. ‘जेवलास का’ म्हटल्यावर ‘हो’ म्हणालो. तिनं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“डबा नाही आला त काय झालं, भूक त आली ना? बस खाली.”

ज्वारीच्या कण्या आणि आंबाडीची भाजी होती. भाजीवर तिनं लसणाची फोडणी वरून घातली आणि वाटीभर तेलातली अर्धी फोडणी माझ्याच ताटात सांडली. जेवण झाल्यावर मी हात धुऊन निघालो तर म्हणाली, “कुठी चालला? त्या पऱ्हाट्या मोडून दे.” परसात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग होता. चुलीत मावतील एवढे तुकडे करायचे. पुढं गाडी चुकली की मी सरळ त्या घरी जायचो, जेवायचो आणि पऱ्हाट्या मोडायचो. कधी पाणी भरायचो, कधी तिच्या धाकटीचा पाढा घ्यायचो. तिच्या घरी मला कधी ओशाळं वाटलं नाही, याचं कारण कळायला मला नोकरीला लागावं लागलं. काम सांगून तिनं माझं ताट माझ्या हक्काचं करून टाकलं होतं.

दिवाळीनंतरच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं तिच्याबरोबर वेचणीला जायचो. कापूस वेचणं लांबून सोपं दिसतं. कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हातांनी बोंडातला कापूस ओढायचा आणि ओटीत टाकायचा. पण वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. आमची बोटं तासाभरात नखांपाशी सोलून निघायची. तिच्या बोटांवर काळ्या चिरा कायमच्याच होत्या. रात्री ती त्यांत गरम तेलाचा थेंब सोडायची. मजुरी किलोवर. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागायचा आणि एकेकीचं गाठोडं मोजलं जायचं.

सकाळी दव असताना वेचलेला कापूस जड भरतो. मजुरी चार पैसे वाढते, पण ओला कापूस गंजीत पिवळा पडतो आणि शेतकऱ्याचा भाव जातो. माय ऊन पडेपर्यंत ओटी बांधायची नाही. बाकीच्या बाया तिला हसायच्या. ती म्हणायची, “त्याचं घर बुडवून माहं कसं चालन?” तो शेतकरी काही तिचा सोयरा नव्हता. दोन ओळी पुढं-मागं झाल्या तर ओरडणाराच होता.

पंढरपूरहून गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेवर खामगावला आली की माय तिच्यासोबत शेगावपर्यंत पायी जायची. लाखभर माणसं त्या रस्त्यानं चालतात. १६-१७ किलोमीटरच्या त्या वाटेवर जागोजागी लोक चहा, फराळ देत उभे असतात. ती मात्र घरून भाकरी बांधून न्यायची आणि वाटेत दुसऱ्यांनाच वाढायची.

ती गेल्याचं मित्रानं फोनवर सांगितलं तेव्हा इथं मध्यरात्र होती. त्याच्याकडे उजाडत होतं. “माय गेली रे,” एवढंच तो म्हणाला. दुपारच्या आत सगळं उरकणार होतं, माझ्या पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. सकाळी ऑफिसात रजेचा अर्ज उघडला. नातं कोणतं, या रकान्यात आई-वडील होते, नवरा-बायको, मुलं, भावंडं, आजी-आजोबा होते. ब्रिटनमध्ये २०२० पासून १८ वर्षांखालचं मूल गेलं तर दोन आठवड्यांची रजा कायद्यानंच मिळते, आणि ते चांगलंच झालं. मित्राची आई कुठंच बसत नव्हती. यात इंग्रजांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या शास्त्रातसुद्धा तिचं सुतक मला लागत नाही. मी साधी वार्षिक रजा टाकली. तेरवीला मित्राला पैसे पाठवू का विचारलं तर तो म्हणाला, “तिनं तुह्याकून कधी घेतले, आता मी घेऊ?”

खरंच तिनं कधी काही घेतलं नाही. पहिल्या पगारानंतर गावी गेलो तेव्हा मी इथून एक चांगली लोकरी शाल नेली होती. पुढच्या खेपेला विचारलं, थंडीत वापरता ना? शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकली होती. “तिले लागत होती,” म्हणाली. मला तेव्हा जरा लागलंच. आता वाटतं, घेतलेलं परत कसं करायचं ते तिनं त्याच वेळी सांगून ठेवलं होतं. ज्यानं दिलं त्याच्या दारी ते परत न्यायचं नसतं, ज्याला लागतं त्याला द्यायचं असतं.

दर सप्टेंबरात इथल्या विद्यापीठांत आपल्याकडची पोरं-पोरी येतात. त्यांच्यात अकोला, बुलडाणा, जालन्याकडची असतात. बापानं शेत गहाण ठेवून कर्ज काढलेलं असतं, खोलीभाड्यानं जीव मेटाकुटीला आलेला असतो, आणि रात्रीचं जेवण म्हणजे पाव नाहीतर नूडल्स. जेवलास का विचारलं की ‘हो, आत्ताच’ म्हणतात. हे ‘हो’ मला चांगलं ओळखता येतं. रविवारी आमच्याकडे त्यांतली काही जण येतात. भाकरी मला धड जमत नाही, बायकोला जमते. जेवण झालं की भांडी त्यांनीच घासायची, हा नियम मी पहिल्या दिवशीच सांगतो. पहिल्यांदा बिचकत आलेलं पोर भांडी घासली की पुढच्या रविवारी आपणहून येतं.

परदेशात आपण मंडळं काढतो, गणपती बसवतो, ढोल-ताशे वाजवतो. ते सगळं जरूर करावं. पण तुमच्या गावात, मग ते मँचेस्टर असो, पुणे असो की खामगाव, शिकायला आलेलं एखादं पोर नक्की असेल. त्याला येत्या रविवारी जेवायला बोलवा. भूक आहे का, हे विचारत बसू नका. ताट वाढा आणि जेवण झाल्यावर त्याला एखादं काम सांगा.