अबूचा महिना आणि आमचं खातं



अबूहून परतल्यापासून प्रत्येक जण एकच विचारतो, "महिनाभर दोघं राहिलात, खर्च किती आला?" म्हणून आधी हिशेबच सांगते.

आम्ही माउंट अबूला २८ दिवस होतो. एकूण ४२,००० रुपयांत बसवायचं ठरलं होतं. खोलीचं भाडं १८,०००. जाण्यायेण्याचा प्रवास ७,४००. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून ९,५००. पूजा, भोजनशाळा, जीपभाडं ३,६००. बेरीज ३८,५००. उरले ३,५००. त्या उरलेल्या पैशांचं काय केलं ते शेवटी सांगते.

सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. यांचं ब्लड प्रेशर दोन वर्षं उन्हाळ्यातच वर-खाली होतंय. डॉक्टर म्हणाले, जमलं तर महिनाभर थंड जागी राहा. मुलगा लगेच म्हणाला, "बाबा, मी हॉटेल बुक करतो." हे म्हणाले, "ठेवींच्या व्याजात बसेल तेवढंच जाऊ." दुकान बंद केल्यापासून दुसऱ्याच्या पैशाचा विषय निघाला की हे गप्प होतात. मीही ताणलं नाही. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा तिकिटं पूर्ण दराची धरली. पुण्याहून अहिंसा एक्स्प्रेसने अहमदाबाद, पुढे अबू रोड, आणि तिथून २८ किलोमीटर घाट.

आमच्या जाऊबाईंनी विचारलं, "अगं, देलवाड्याला धर्मशाळा असताना खोलीवर अठरा हजार कशाला घातलेत?" प्रश्न बरोबर आहे. पण धर्मशाळेतली खोली स्वस्त का असते? कुणीतरी यात्रेकरूसाठी दान दिलेलं असतं म्हणून. दूरून आलेला साधर्मिक दर्शन-पूजा करील, दोन दिवस राहील, पुढे जाईल, हा त्या दात्याचा भाव. आम्ही निघालो होतो उकाडा टाळायला. देवदर्शन होणारच होतं, पण कारण ते नव्हतं. देवद्रव्याला हात लावायचा नाही हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. साधारण खात्याच्या बाबतीत मात्र आपण सैल असतो. मे महिन्यात आम्ही चार आठवडे खोली अडवली असती, तर खरा यात्रेकरू दारातून परत गेला असता. हे म्हणाले, "थंड हवा आपल्याला हवी, तर भाडं आपणच द्यायचं." मग बाजाराच्या मागे एका घरात वरची खोली घेतली. एक ओटा, दोन खाटा, आणि गच्चीवर जायचा जिना.

घरून तीन लिटरचा कुकर, गाळणं, दोन ताटं, लसणाशिवायची शेंगाचटणी आणि खाखरे नेले. खाखऱ्यांची उन्हाळ्यातली मर्यादा २० दिवसांची, म्हणून मोजूनच केले होते. पुढचे आठ दिवस ताज्या फुलक्यांवर काढले. सकाळी पाणी उकळून ठेवायचं, संध्याकाळी चौविहार. तिथे सूर्य सोलापूरपेक्षा वीसेक मिनिटं उशिरा मावळतो, त्यामुळे फिरून येऊनही जेवण वेळेत व्हायचं.

खरा उपयोग झाला तो चौदा नियमांचा. घरी मी ते धारते, पण घाईत. तिथे दोघांनी मिळून रोज सकाळी धारले. आज द्रव्य किती, म्हणजे खाण्याच्या वस्तू किती. वाहन किती. दिशी, म्हणजे कुठल्या दिशेला किती अंतर जायचं. संध्याकाळी पुन्हा बसून मोजायचं. मी बी.कॉम. झालेली, मला हे रोजच्या रोकडवहीसारखं वाटलं. पण एक फरक आहे. बजेट सांगतं, अजून किती खर्च करता येईल. नियम सांगतो, किती पुरेल. आठ द्रव्यं धारली आणि सहातच भागलं, तर त्या दोनांची चुटपुट लागत नाही. वाहन शून्य धारलं की देलवाड्यापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर आपोआप पायी होतात. पहिल्या आठवड्यात हे दर चढाला थांबायचे. तिसऱ्या आठवड्यात मला मागे टाकून पुढे जाऊन उभे राहायचे, आणि वर ऐकवायचे, "अगं, चल की!"

देलवाड्याला पर्यटकांना दुपारी बारानंतर सोडतात. सकाळ पूजेची. विमलशहांनी इ.स. १०३१ मध्ये बांधवलेली आदिनाथांची विमल वसही आणि वस्तुपाल-तेजपालांनी १२३० च्या सुमारास उभारलेली नेमिनाथांची लूण वसही. कोरीवकामाबद्दल सगळेच सांगतात. मला तेजपालांची पत्नी अनुपमादेवी आठवत राहिली. दोघे भाऊ धन पुरायला गेले, तर खणताना आणखीच धन सापडलं. कुठे ठेवावं कळेना, तेव्हा अनुपमादेवी म्हणाली, डोंगराच्या माथ्यावर ठेवा, सगळ्यांना दिसेल पण कुणाला चोरता येणार नाही. प्रबंधांतून आलेली ही कथा आपण व्याख्यानात खूपदा ऐकली आहे. पण त्याच मंदिराच्या पायऱ्यांवर बसून ती यांना सांगितली, तेव्हा हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुकान होतं तेव्हा दिवाळीला पावती फाडायला माणसं यायची. आता कुणी येत नाही." एवढंच. दोन वर्षांत यांनी दुकानाबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं होतं.

परतायच्या आदल्या दिवशी हिशेब मांडला, ३,५०० उरले होते. नातीसाठी ४०० ची ओढणी घेतली. पूजेच्या दिवशी भोजनशाळेत आम्ही एकूण सहा वेळा जेवलो होतो. कूपनचे पैसे दिलेच होते, पण तेवढ्या पैशांत तसं जेवण होत नाही, हे स्वयंपाक करणारीला कळतं. उरलेले ३,१०० हे पेढीवर घेऊन गेले आणि साधारण खात्यात भरले. पावती मुनीमजींनी यांच्या नावाने फाडली. ती घडी करून खिशात ठेवताना यांचा चेहरा पाहिला, आणि मला वाटलं, डॉक्टरांनी हवा सांगितली होती, हेही औषध सांगायला हवं होतं.

कुणी जाणार असाल तर मे महिन्याची खोली मार्चमध्येच ठरवा, आणि ओटा आहे ना ते आधी विचारा.