पोथीच्या भावात

नवी मराठी कादंबरी आता तीन-चारशेच्या घरात गेली. आमच्या धाराशिवकडं खुरपणीला जाणाऱ्या बाईची दिवसाची हजेरी तेवढी होत नाही. यात प्रकाशकाला बोल लावण्यात अर्थ नाही. थोडक्या प्रती काढणाऱ्याला स्वस्ताई कुठून परवडावी?

बरं, स्वस्त पुस्तकं नाहीतच असंही नाही. फुल्यांचं समग्र वाङ्मय, बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड शासनानं काढले, तेही जाडीच्या मानानं फुकटात म्हणावेत अशा किमतीला. पण ती विकणारी शासकीय ग्रंथागारं मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर अशा मोठ्या शहरांत. मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, तरी आमच्या जिल्ह्यातल्या परंड्याहून जाऊन-येऊन भाडंच पुस्तकाला भारी पडतं. म्हणजे पुस्तक स्वस्त आणि त्याचा प्रवास महाग.

जानेवारी 2020 मध्ये धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, 93वं साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. तीन दिवस पुस्तकं आपल्या पायांनी जिल्ह्यात आली आणि पालं उठावीत तशी निघून गेली.

उठत नाहीत ती तुळजापूरची दुकानं. कवड्यांच्या माळा, परडी, हळद-कुंकू आणि त्याला खेटून पातळ पोथ्यांचा ढीग: हरिपाठ, आरत्या, व्रतकथा. पिवळट कागद, वर देवीचं भडक चित्र, किंमत चुरगळलेल्या नोटेत बसणारी. (लेखक बहुतेक संतच, त्यामुळं मानधनाची कटकट नाही!) दर्शन झालेली बाई पोथी उलटून-पालटून बघते, 'दोन रुपये कमी करा की वं' म्हणते आणि पिशवीत टाकते. तिला अक्षर लागत नसेल तर घरी नात वाचून दाखवते. गरिबाला वाचनाची हौस नाही, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी या दुकानापाशी घटकाभर उभं राहावं. गिऱ्हाईक आहे, घासाघीसही आहे. माल तेवढा एकाच जातीचा. फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' त्याच कागदावर, त्याच भावात छापून कुंकवाच्या पुड्यांशेजारी ठेवला, तर दुकानदार नको म्हणेल असं मला वाटत नाही. तो फक्त विचारील, गठ्ठ्यामागं कमिशन किती?