वाळूच्या पट्टीवरील विहीर

परभणीच्या रहिवाशाने समुद्रावर लेखणी चालवावी, याचे आमच्या कोकणवासी वाचकांना हसू येईल. आमच्या जिल्ह्याचा समुद्राशी संबंध एवढाच की, गंगाखेडावरून वाहणारी गोदावरी पुढे फार दूर पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. ती तेथे काय करते याची चौकशी आम्ही कधी केली नाही. ती येथे आटते केव्हा, एवढीच आम्हांस काळजी. तथापि इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा पेशा पत्करल्यामुळे समुद्राशी आमचा पुस्तकी परिचय बराच जुना आहे. कोलरिजची १७९८ साली प्रसिद्ध झालेली वृद्ध खलाशाची कविता आम्ही जिंतूर, पाथरी, सोनपेठकडील मुलांना कित्येक वर्षे शिकवीत आलो. भोवती अथांग सागर असून खलाशी तहानेने व्याकुळ होतात, हा भाग आला की वर्गातील एकही मुलगा खिडकीबाहेर पाहत नाही. समुद्र त्यांनी पाहिलेला नसतो. तहान पाहिलेली असते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या वर्षी तर या भागाचे स्पष्टीकरण करण्याची गरजच पडली नाही.

असो. गेल्या हिवाळ्यात आम्ही सपत्नीक मालवणास गेलो. तपोवन एक्सप्रेसने मुंबई, तेथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे मोटारीने मालवण, असा तो प्रवास. त्याचे वर्णन करून वाचकांस शिणविण्यात अर्थ नाही.

मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसले की थोड्याच वेळात कुरटे बेट येते. शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत हाही आहे. आमच्याबरोबरची मंडळी तट, बुरूज आणि चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा पाहण्यास धावली. आमच्या सौभाग्यवती मात्र ज्या एका विहिरीपाशी थांबल्या, तेथून हलेनात. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी लाटा तटावर आपटत असता मध्ये हे गोड पाणी! शत्रूने कितीही दिवस वेढा घातला तरी आतील माणूस तहानेने शरण येऊ नये, याची तरतूद आधी आणि तोफांची मागाहून, असे आम्हांस तेथे वाटले. विहिरींची नावे ज्याने ठेविली, त्याला पाण्याची किंमत ठाऊक असली पाहिजे.

मुक्काम आम्ही तारकर्लीपलीकडे देवबागेत केला होता. देवबाग म्हणजे वाळूची एक लांबट, अरुंद पट्टी. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदीची खाडी, आणि पट्टी संपते तेथे दोन्ही पाणी एकमेकांत मिसळते. भूगोलाच्या पुस्तकांत खाडी आणि खारकच्छ यांत भेद केलेला असतो. आमच्या डोळ्यांना एवढेच दिसले की, समुद्राकडील पाणी अखंड गर्जत असते आणि खाडीकडील पाणी इतके निवांत असते की त्यात माडांचे प्रतिबिंबही मोडत नाही. होडीतून खाडीत शिरले की काठची कांदळवने लागतात. ओहोटीच्या वेळी त्या झाडांची मुळे चिखलातून उघडी पडतात. ती पाहून सौ. म्हणाल्या, "ही झाडे पाय वर खोचून उभी आहेत."

ज्या कुटुंबाकडे आम्ही उतरलो होतो, त्यांचा मूळ धंदा रापणीचा. होडीतून समुद्रात लांब अर्धवर्तुळाकार जाळे सोडावयाचे, दोन्ही टोके किनाऱ्यावर पाच-पंचवीस माणसांनी ओढावयाची आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करावयाचे, ही ती जुनी रीत. यांत्रिक नौका खोल पाण्यात मासळी उपसू लागल्या, तसे किनाऱ्याशी येणारे मासे उणावले. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने २०१६ साली निर्बंध घातले खरे, परंतु तोपर्यंत घरमालकांनी अंगणात पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. रापण आता वर्षातून मोजक्याच वेळा लागते. ती ओढण्यास पुरेसे हात गोळा करणे, हेच कठीण झाले आहे, असे ते म्हणाले.

त्या घराच्या मागे एक विहीर आहे. समुद्र शे-दीडशे पावलांवर, खाडी तितकीच दुसरीकडे, आणि विहिरीचे पाणी गोड! यजमानीणबाईंनी पहिल्याच दिवशी तांब्या पुढे करून म्हटले, "पाणी गोड आसा, पिवा." आम्ही परत आल्यावर याचे कारण भूशास्त्राच्या सहकाऱ्यास विचारले. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. बादोन घायबेन या डचाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि हर्त्झबर्ग या जर्मनाने १९०१ साली याचा हिशेब मांडला: समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक फूट उभे असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. हिशेब मोठा उदार दिसतो. पण तो उलटाही चालतो. वरचे पाणी उपशाने एक फूट खाली गेले, की खालून खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकते.

सौ. ना हे शास्त्र कोणी सांगितले नव्हते. तरी त्या चारही दिवस एकाच बादलीत स्नान उरकीत आणि तांदूळ धुतलेले पाणी माडाच्या बुंध्याशी ओतीत. आमच्या गावी नळाला रोज पाणी येत नाही; त्यातून जडलेली ती सवय. यजमानीणबाईंना प्रथम वाटले, पाहुण्यांना संकोच होतो आहे. "वहिनी, पाणी भरपूर आहे, सढळ वापरा," असे त्या म्हणाल्या. मग सौ. नी आमच्याकडची हकिकत सांगितली, तेव्हा त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या की, वाडीतल्या दोन विहिरींना गेल्या वैशाखात खारट चव आली. पूर्वी रहाट होता, आता प्रत्येक घरी पंप आहे, आणि पाहुणे समुद्रात न्हाऊन आले की पुन्हा गोड्या पाण्याने न्हातात. त्यांचा त्यात दोष नाही, हेही त्यांनी लगेच जोडले. पाहुणे आले नाहीत तर चूल कशी पेटणार?

समुद्राच्या बाजूने वाळू ढासळू नये म्हणून तेथे काळ्या दगडांचे बांध घातलेले आहेत. प्रवासी लोक त्यांवर बसून सूर्यास्ताची छायाचित्रे घेतात. आम्हीही बसलो. सूर्यास्त सुंदर होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

निघण्याच्या दिवशी घरमालकांनी सहज विचारले, "गुरुजी, तुमच्याकडे बोअर किती खोल मारतात?" पाचशे फूट गेले तरी धूळच निघते, असे आम्ही सांगितले. ते बराच वेळ विहिरीकडे पाहत राहिले. "आमचे पाणी बारा फुटांवर आहे," ते म्हणाले, "पण आम्हांला खोल जाता येत नाही." इतक्यात फाटकाशी दुसरी मोटार येऊन थांबली, आणि त्यांच्या मुलाने पंप सुरू केला.